किराणा ओळीतले अर्थशास्त्र

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात वरच्या मजल्यावरची मुलगी अर्थशास्त्राचे पुस्तक घेऊन खाली आली. ती यंदा बारावीला, वाणिज्य शाखेत आहे. मी बँकेत नोकरी करते, त्यामुळे या विषयात काही अडले की तिची आई तिला माझ्याकडे पाठवते. प्रश्न परीक्षेतल्या नेहमीच्या साच्याचा होता : खालील विधानाशी तुम्ही सहमत आहात किंवा नाही, ते सकारण स्पष्ट करा. विधान होते, ‘मागणीच्या नियमाला अपवाद नाहीत.’ किंमत वाढली की मागणी घटते आणि किंमत उतरली की वाढते, हा तो नियम. उत्तर तिला पाठ होते आणि डोळे मिटून तिने ते म्हणूनही दाखवले. नाही, मी या विधानाशी सहमत नाही. गिफेनच्या वस्तू, प्रतिष्ठेच्या वस्तू, किमतीचा आभास, अज्ञान, सवयीच्या वस्तू. मग ती थांबली आणि म्हणाली, “काकू, आमच्या घरी एक झालं. सोन्याचा भाव लाखाच्या वर गेला आणि रोज चढतोच आहे, तर आई म्हणाली, ताईच्या लग्नाचं आत्ताच घेऊन टाकू, पुढे आणखी महागेल. जेवढं ठरलं होतं त्यापेक्षा जास्तच घेतलं. म्हणजे भाव वाढला म्हणून आम्ही जास्त घेतलं. हे अपवादात बसतं का?” मी काही बोलण्याआधी तिने दुसरा प्रश्न विचारला आणि तोच माझ्या मनात रुतून बसला. “गाइडमध्ये हे दिलेलं नाहीये. लिहिलं तर मार्क कापतील का?”

तिने घरातून उचलून आणलेले उदाहरण वरवर पाहता साधे होते, पण त्यात बारावीच्या पुस्तकातले सगळ्यांत नाजूक प्रकरण दडलेले होते. कोणत्या किमतीला किती घेतले जाईल हे दाखवणारी रेषा म्हणजे मागणी वक्र; किंमत बदलली की आपण त्याच वक्रावर वर किंवा खाली सरकतो. त्याला पुस्तक मागणीतील विचलन म्हणते, म्हणजे विस्तार आणि संकोच. किमतीखेरीज दुसरे काही बदलले, उत्पन्न बदलले, आवड बदलली, उद्याच्या किमतीविषयीचा अंदाज बदलला, तर अख्खा वक्रच जागा सोडतो; त्याला पुस्तक मागणीतील बदल म्हणते, म्हणजे वृद्धी आणि ऱ्हास. तिच्या आईने आजच्या भावाला भुलून सोने घेतले नव्हते. उद्याच्या भावाच्या धास्तीने घेतले होते. त्या हिशेबाने नियम मोडलाच नाही, वक्र उजवीकडे सरकला. पण सराफाच्या गल्ल्यावर बसून पाहिले तर भाव चढतो आहे आणि गिऱ्हाईकही वाढते आहे, एवढेच दिसते. आणि तिथून पाहणाऱ्याला हा अपवाद वाटला तर त्याचेही म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे. विजेच्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर आम्ही दोन्ही आकृत्या काढल्या. तिला फरक लगेच कळला, चेहऱ्यावर दिसलाही. मी तिला सांगितले की गाइडमधले मुद्दे लिहून झाल्यावर हे उदाहरण दोन ओळींत लिही आणि त्याचे कारणही लिही. तिने मान हलवली, पण लिहीन असे ती म्हणाली नाही.

सहमती पाठ करायची असते आणि असहमतीही पाठच करायची असते, असे ती दोन वर्षांत शिकली आहे.

मला यात तिचा दोष दिसत नाही, आणि तिच्या शिक्षकांचाही फारसा दिसत नाही. ऐंशी गुणांचा पेपर तीन तासांत लिहायचा असतो, तपासणाऱ्याच्या पुढ्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात आणि शेजारी आदर्श उत्तर उघडे असते. मुद्दे जुळले की खूण करणे सोपे जाते. तरीही मला वाईट वाटते ते वेगळ्याच कारणाने. दहावीपर्यंतच्या बहुतेक विषयांत मुलाला विचारलेले नसते की तुला हे पटते का. पाण्याचा उत्कलनांक पटण्या न पटण्याचा प्रश्न नाही आणि पानिपतची लढाई कोणत्या वर्षी झाली याबाबतही मत देता येत नाही. अर्थशास्त्राच्या या दोन वर्षांत पहिल्यांदा छापील प्रश्नपत्रिकेवर विचारले जाते की तू सहमत आहेस का, आणि का. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला राज्याच्या परीक्षा मंडळाने त्याचे मत विचारावे, ही माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. त्याचे उत्तर गाइडमधून यावे, हे मला सोसत नाही.

मी स्वतः अकरावीला गेले ती १९९१ साली, कला शाखेत. आमच्या नागपुरात तेव्हाही विज्ञान ही हुशारांची शाखा होती, वाणिज्य ही व्यापाऱ्यांच्या मुलांची आणि कला ही उरलेल्यांची. अर्थशास्त्र हा कला आणि वाणिज्य या दोन्ही शाखांना मिळणारा विषय असल्यामुळे तो कोणालाच आपला वाटत नसे. वाणिज्यवाल्यांचा जीव पुस्तपालनात असे, कारण त्यात पैकीच्या पैकी मिळत. आणि आम्हा कलावाल्यांना आकृत्यांची भीती वाटे. पण त्या वर्षीचा जुलै महिना वेगळा होता. १ जुलैला आणि पुन्हा ३ जुलैला रुपयाचे अवमूल्यन झाले. रिझर्व्ह बँकेने सुमारे सत्तेचाळीस टन सोने गहाण ठेवण्यासाठी बँक ऑफ इंग्लंडकडे पाठवले. २४ जुलैला मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला आणि त्याच दिवशी जाहीर झालेल्या औद्योगिक धोरणाने बहुतेक उद्योगांची परवाना पद्धत मोडीत काढली. आमच्या पुस्तकात मात्र परवाने जागच्या जागी होते, सार्वजनिक क्षेत्र अर्थव्यवस्थेच्या शिखरावर होते आणि रुपया जुन्याच दराने चालत होता. आम्ही जे शिकत होतो ते शिकत असतानाच जुने होत होते, आणि ही जाणीव भीतीदायक असली तरी तिच्यात एक विलक्षण उत्सुकताही होती, जी मी त्यानंतर कोणत्याही अभ्यासात अनुभवली नाही.

माझे बाबा नागपूरच्या इतवारी बाजारात किराणा ओळीतल्या, म्हणजे किराणा मालाच्या गल्लीतल्या, एका घाऊक दुकानात दिवाणजी होते. सकाळी नऊला ते सायकलने निघत आणि रात्री परत आले की त्यांच्या सदऱ्याला हळद, धने आणि मिरची यांचा मिळून एक वास येत असे. त्यातही मिरचीचे दिवस असले, भिवापूरकडचा माल उतरला असला, की आई त्यांना अंगणातच कपडे बदलायला लावी; नाही तर घरभर शिंका सुरू होत. मी शाळेत असताना सुट्टीत त्यांचा डबा घेऊन जात असे. शहीद चौकाकडून आत वळले की हातगाड्या, ठेले, पाठीवर पोती घेतलेले हमाल आणि रस्त्यावर सांडलेले जिरे. दुकानाच्या ओट्यावर कागदाच्या चौकोनी तुकड्यांवर मालाचे नमुने मांडलेले असत. गिऱ्हाईक येई, चिमटीत धने घेई, तळहातावर चोळी, नाकाशी नेई आणि मग भाव विचारी. शेजारच्या दुकानातही तेच धने, त्याच्या शेजारीही तेच आणि समोरच्या ओळीतही तेच. भाव ऐकून गिऱ्हाईक पुढे जाई, दहा दुकाने फिरे आणि बहुधा तेवढाच भाव ऐकून परत येई.

बारावीच्या पुस्तकात बाजाराच्या प्रकारांचे प्रकरण वाचताना मला ती ओळ डोळ्यांपुढे दिसली. असंख्य विक्रेते, एकजिनसी वस्तू, बाजाराचे पूर्ण ज्ञान, आणि विक्रेता हा किंमत ठरवणारा नसून किंमत स्वीकारणारा. मी बाबांना विचारले की तुमच्या दुकानात भाव कोण ठरवतो. ते जेवत होते. हातातला घास तसाच ठेवून त्यांनी थोडा विचार केला. “आपल्या हातचा नसते तो भाव,” ते म्हणाले. “तो येते. सकाळी फोन येते, मग आम्ही पाटीवर लिहितो. मालकाले वाटलं म्हणून दोन रुपये जास्त लावले, तं संध्याकाळपर्यंत पोतं हालत नाही.” पुस्तकातल्या अशा बाजाराला पूर्ण स्पर्धा म्हणतात; ती एक कल्पना आहे, प्रत्यक्षात कुठेही आढळत नाही, असे वर्गात शिकवले जाई. ते बरोबरही आहे, कारण किराणा ओळीतही उधारीवर टिकून राहिलेली जुनी गिऱ्हाईके होती, जातीपातीची ओळखपाळख होती आणि मोठ्या साठेबाजांची दबक्या आवाजातली चर्चा होती. पण त्या कल्पनेच्या अगदी जवळ पोहोचलेली एक ओळ आमच्या शहरात होती आणि माझे वडील रोज तिच्यात बसत होते. ज्याला पुस्तक किंमत स्वीकारणारा म्हणते तो माणूस रात्री जेवायला माझ्यासमोर बसतो, हे कळल्यावर मला पुस्तकाविषयी आणि बाबांविषयीही काही नवीनच वाटू लागले. त्यात अभिमान होता की दुःख, ते मला आजही नीट सांगता येत नाही. दिवसभर पाटीवर भाव लिहिणाऱ्या माणसाला त्यातल्या एका आकड्यावरही अधिकार नव्हता.

त्या जुलैमध्ये अवमूल्यन म्हणजे काय ते मला लवंगांनी शिकवले. लवंगा आणि बदाम बाहेरच्या देशांतून येत, आणि रुपयाची किंमत उतरली की ते महाग पडत. बाबा घरी येऊन म्हणाले की लवंगांची पाटी आज पुसून पुन्हा लिहावी लागली, आणि जुना माल ज्याच्याकडे होता तो आज बसल्या जागी श्रीमंत झाला. आईने त्या महिन्यात मसाल्यातली लवंग कमी केली आणि दालचिनीचे प्रमाण वाढवले. पर्यायी वस्तूचे याहून चांगले उदाहरण मला कोणत्याही पुस्तकात मिळाले नाही.

आमच्या अर्थशास्त्राच्या सरांना ही उदाहरणे आवडत. ते उंच, कृश होते, खडू बोटांत धरण्याऐवजी मुठीत धरत आणि आकृती काढताना अक्षांना नावे द्यायला कधीही विसरत नसत. तासाच्या सुरुवातीला ते वर्तमानपत्रातला बाजारभावाचा रकाना वाचून दाखवत : तूर, सोयाबीन, सरकी, सोने, चांदी. कोणताही एक भाव निवडून ते विचारत, “काल यापेक्षा कमी होता. काय झालं असेल?” मग पाच-दहा मिनिटे वर्ग बोलत राही. एकदा ते घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त शिकवत होते आणि नागपुरात शिकवत असल्यामुळे अर्थातच संत्र्याचे उदाहरण घेऊन. पहिल्या संत्र्याने सर्वांत जास्त समाधान, दुसऱ्याने त्याहून कमी, असे करत करत एकूण उपयोगिता महत्तम होते तिथे सीमान्त उपयोगिता, म्हणजे शेवटच्या संत्र्याने वाढवलेले समाधान, शून्यावर येते. काटोलकडचा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, आमच्या घरी चांगलं संत्र कोणी खात नाही. तो माल कलकत्त्याले जाते. आमी खाली पडलेलं खातो.” वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी त्याला फळ्याजवळ बोलावले आणि बगीच्याचा सगळा व्यवहार सांगायला लावला.

तो दिवस मला इतका स्पष्ट आठवतो की त्याच्या शर्टाचा निळा रंगही आठवतो. त्याने सांगितले की अंबिया बहाराची फुले थंडीच्या शेवटी येतात आणि फळ दिवाळीच्या आगेमागे निघते. मृग बहाराची फुले पावसाळ्याच्या तोंडाशी येतात आणि फळ उन्हाळ्याच्या तोंडाशी. झाडाला मुद्दाम पाण्याचा ताण द्यावा लागतो, तेव्हा ते फुलते. व्यापारी झाडावरच बगीचा पाहून जातो, अंदाजाने सौदा करतो आणि इसार देतो. मग गारपीट झाली, फळगळ झाली, तर कोणाचे किती गेले यावर भांडण. सर मध्येच विचारत होते. भाव पडला तर पुढच्या हंगामात तू कमी संत्री पिकवशील का? तो म्हणाला, झाड तर तोडता येत नाही सर, लावल्यावर फळ धरायलाच चार-पाच वर्षं जातात. तेव्हा सरांनी फळ्यावर जवळजवळ उभी रेषा काढली आणि म्हणाले, हा याच्या वडिलांचा पुरवठा वक्र. पीक भरघोस आले की भाव का कोसळतो आणि भरघोस पिकाच्या वर्षी शेतकऱ्याच्या हातात कमी पैसे का येतात, हे त्या एका उभ्या रेषेवरून आम्हाला कळले. मागणी आणि पुरवठा या दोहोंची अलवचिकता, म्हणजे भाव बदलला तरी प्रमाण फारसे न हलणे, एकत्र आली की तिचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडते, हेही कळले.

त्याच वर्गात सावनेरकडची एक मुलगी होती, तिच्या घरी कापूस होता. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना चालू होती. शेतकऱ्याने कापूस शासनाच्या यंत्रणेलाच विकायचा, खासगी व्यापाऱ्याला विकायचा नाही, असा तिचा गाभा होता. पुस्तकात मक्तेदारी म्हणजे एकच विक्रेता. तिने विचारले, सर, एकच घेणारा असेल तर त्याला काय म्हणायचे? पुढे तिने सांगितले की हद्दीपलीकडे मध्य प्रदेशात भाव चांगला असला की रात्री गाड्या तिकडे जातात, आणि इकडचा भाव चांगला असला की तिकडचा कापूस इकडे येतो. हमीभाव चांगला की मोकळा बाजार चांगला, यावर त्या दिवशी वर्गाचे उभे दोन तट पडले. तिचे म्हणणे होते की भाव पडेल तेव्हा सरकारच हवे. काटोलचा मुलगा म्हणाला, संत्र्याला कोण देते हमीभाव, आम्ही जगतोच ना. सरांनी कोणाच्याही बाजूने निकाल दिला नाही. दोघांनाही त्यांनी पुढच्या तासाला आपापली कारणे लिहून आणायला सांगितली. सहमत किंवा असहमत असणे हे कष्टाचे काम आहे, आणि त्यासाठी आधी घरी जाऊन वडिलांना काही विचारावे लागते, हे मी तिथे शिकले.

नंतरच्या आयुष्यात मला ज्याची सर्वांत जास्त सोबत झाली ते अर्थशास्त्र पदवीच्या वर्गातले नाही, ते या दोन वर्षांतले आहे. निर्देशांकाचे, म्हणजे एका वर्षाच्या तुलनेत किमती किती बदलल्या हे सांगणाऱ्या आकड्याचे, प्रकरण तेव्हा कोरडे वाटले होते. आधार वर्ष, चालू वर्ष, लासपेयरची पद्धत, पाशेची पद्धत. नोकरीला लागल्यावर महागाई भत्त्याच्या हिशेबात ते समोर येऊन उभे राहिले. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकासाठी देशभरातल्या ज्या केंद्रांतून किमती गोळा होतात त्यांत नागपूर आहे. म्हणजे आपल्या बाजारातल्या तुरीच्या डाळीचा आणि तेलाचा भाव कोणीतरी नोंदवून नेतो, त्यातून एक आकडा तयार होतो आणि त्या आकड्यावर पगार हलतात. पुस्तकातली पाठ केलेली व्याख्या अशी वर्षानुवर्षे आत पडून राहते आणि एखाद्या दिवशी कामाला येते, हे मला मान्य आहे. म्हणूनच पाठांतराविषयी मी सरसकट वाईट बोलू शकत नाही. सिद्धान्ताची गृहीतके मला शब्दशः पाठ होती म्हणूनच, सोने घेणाऱ्या आईने त्यातले नेमके कोणते गृहीतक ओलांडले, हे त्या संध्याकाळी चटकन दिसले. पाठांतर उत्तरात येऊन संपते तेव्हा मात्र ते वाया जाते.

संविधान चौकातून जाताना मला हल्ली नेहमी एक गोष्ट आठवते. तिथे रिझर्व्ह बँकेची इमारत आहे आणि चौकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. बँकेच्या दारापाशीच बाबासाहेब उभे असावेत, हा योग जुळून आला असेल, पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तिथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांची दुकाने लागतात, तिथे मी तो घेतला, आणि सगळा कळला नाही तरी त्याची प्रस्तावना अनेकदा वाचली. हिंदुस्थानच्या सुवर्ण विनिमय पद्धतीचा, म्हणजे रुपयाचे मूल्य पौंडामार्फत सोन्याशी बांधण्याच्या पद्धतीचा, पुरस्कार केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाने केला होता. बाबासाहेबांनी तिच्याविरुद्ध आकड्यांनिशी आणि कारणांनिशी बाजू मांडली, कारण चलन काढणाऱ्याच्या हाताला मर्यादा नसेल तर रुपयाची खरेदीशक्ती टिकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची आहे, आणि ती वाचताना मी थक्क झाले. त्या पद्धतीविषयी लेखकाचा जो विरोध आहे तो आपल्याला मान्य नाही, त्याचे बहुतेक युक्तिवादही पटत नाहीत, असे कॅनन तिथे स्पष्ट लिहितात. आणि तरीही काही ठिकाणी त्याने नेमके वर्मावर बोट ठेवले आहे आणि जिथे तो चुकला आहे असे वाटले तिथेही त्याच्या विचारांत आणि कारणांत ताजेपणा आढळला, असेही लिहितात. शिक्षक विद्यार्थ्याशी असहमत आहे, तो ते छापून सांगतो आहे आणि त्याच पानावर विद्यार्थ्याच्या कारणांचा मान राखतो आहे. ‘सकारण स्पष्ट करा’ याचा इतका उंच नमुना मला दुसरा ठाऊक नाही, आणि त्या माणसाचा पुतळा आमच्या शहरातल्या शेकडो बारावीच्या मुलांच्या शिकवणीच्या वाटेवर आहे.

नोव्हेंबरमध्ये मी वरच्या मजल्यावरच्या मुलीला कळमन्याच्या बाजारात घेऊन गेले. तो काटोलचा वर्गमित्र आता स्वतः बगीचा सांभाळतो आणि त्या दिवशी माल घेऊन येणार होता. पहाटेची थंडी होती, शेडमध्ये दिवे चालू होते आणि जमिनीवर संत्र्यांचे ढीग होते, त्यांच्या सालीचा तिखट, गोडसर वास थंड हवेत तरंगत होता. मोठा माल वेगळा, मधला वेगळा, आणि अगदी बारीक फळ, ज्याला इथे चुरी म्हणतात, ते एका बाजूला. हर्रास, म्हणजे लिलाव, इतक्या वेगाने चालला होता की पहिली काही मिनिटे तिला कोण बोलतो आहे तेच कळेना. मग तिने वही काढली. तिच्या गाइडमध्ये एक तयार विधान होते, मध्यस्थांमुळे शेतकऱ्याचे नुकसान होते, आणि तयार उत्तर होते, होय, मी सहमत आहे. तिने माझ्या मित्राला तेच विचारले. तो म्हणाला, “अडत्या नसता तं माहा माल कोण विकून देल्ला असता? मी इथं रोज येऊन बसलो तं बगीच्याले पाणी कोण देईन?” मग त्याने सांगितलेली दुसरी गोष्ट तिने भरभर लिहून घेतली. फळे आणि भाजीपाल्याची अडत, म्हणजे माल विकून देणाऱ्या अडत्याची दलाली, शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असा बदल राज्याने २०१६ साली केला. “कागदावर ते बराबर आहे,” तो म्हणाला. “पण अडत त्याले द्या लागते, तं तो बोलीच तेवढी कमी लावते. माह्या हातात किती आलं, ते पाहा लागते.” कर किंवा अशी अडत कोणावर आकारली जाते आणि प्रत्यक्षात कोणाच्या खिशातून जाते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी लवचिकतेवर ठरते, हे अर्थशास्त्राच्या वरच्या वर्गात शिकवतात. त्याने ते संत्र्यांच्या ढिगाला टेकून सांगितले.

परतताना तिने गोकुळपेठेच्या बाजारात संत्र्याचा भाव विचारला. तो कळमन्यातल्या भावाच्या जवळपास दुप्पट होता. आधी ती चिडली. मग तिने फळविक्रेत्या मावशींना विचारले की तुमची किती संत्री सडतात, गाडीभाडे किती पडते आणि संध्याकाळी उरलेला माल किती पाडून विकावा लागतो. मावशींनी ढिगातले एक मऊ पडलेले फळ उचलून तिच्या हातात दिले आणि म्हणाल्या, “याचे पैसे कोण देते, पोरी?” तिच्या वहीत दोन रकाने झाले, नुकसान आणि काम, आणि दुसरा रकाना तिच्या अपेक्षेपेक्षा बराच लांब झाला. संत्र्यांची निर्यात मुख्यतः बांगलादेशात होते, तिथे आयात शुल्क वाढले की काटोल-वरुडचा माल देशातच अडकतो आणि कळमन्यात भाव उतरतो, हे तिला मित्राकडूनच कळले होते. विदेशी व्यापाराचे प्रकरण तिने त्या रात्री पहिल्यांदा स्वतःहून उघडले, असे तिची आई म्हणाली.

बारावीच्या अर्थशास्त्रात वीस गुण लेखी परीक्षेबाहेरचे आहेत. आज त्यांतला बराचसा भाग चित्रे चिकटवलेल्या, एकमेकांवरून उतरवलेल्या प्रकल्प-वह्यांत जातो. ते वीस गुण कळमन्याला, इतवारीला, कॉटन मार्केटला, आपल्याच घराच्या महिन्याच्या वाणसामानाच्या यादीला देता येतील. सगळ्या कनिष्ठ महाविद्यालयांना मुलांना पहाटे बाजारात नेणे जमणार नाही, वर्ग मोठे असतात, जबाबदारी मोठी असते, हे मी समजू शकते. पण आमचे सर जे करत ते कोणत्याही वर्गात करता येते. वर्तमानपत्रे आजही बाजारभाव छापतात. तासाची पहिली दहा मिनिटे त्यातला एक भाव वाचायचा, काल किती होता ते विचारायचे आणि कारण मुलांना शोधू द्यायचे. कोणाची आई सराफाकडे जाऊन आली असेल, कोणाचे वडील चुरी विकून आले असतील, कोणाच्या घरी तेलाचा डबा या महिन्यात अर्धाच आला असेल. ती उदाहरणे फळ्यावर यायला हवीत आणि तपासणाऱ्यानेही ती उत्तरपत्रिकेत आढळली तर कारण पाहून गुण द्यायला हवेत. यासाठी पुस्तक बदलण्याची गरज नाही आणि मंडळाच्या नव्या परिपत्रकाचीही नाही.